उंबऱ्यापासून पायरीपर्यंत

शाळेतून घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत्या मधल्या खोलीत पालथ्या पडल्या होत्या. दोन्ही हात डोक्याच्या पुढे लांब, पदर कमरेला खोचलेला, कपाळ शहाबादी फरशीला टेकलेलं. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. हातातली वह्यांची पिशवी मी दारातच टाकली.

"आत्या, पडलात का? कुठं लागलं?"

"पडले न्हाई." आवाज फरशीखालून आल्यासारखा येत होता. "दंडवत घातला."

"मग?"

"मग काय? घातला, आन् आता उठता यीना. कवाधरनं हितंच हाय."

मी त्यांना कुशीवर वळवलं, काखेत हात घालून बसतं केलं, भिंतीला टेकवलं. हाडबिड काही मोडलेलं नव्हतं. फरशीवर राहून अंग गार पडलं होतं एवढंच. पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता नवस कसा फेडायचा गं?"

नवसाची हकीगत अशी होती. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा माझे धाकटे दीर फौजेत होते. आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. पाऊस पडला तर जोंधळा, नाही पडला तर फौज, असा तिथला व्यवहार. लढाई लागली आणि भाऊजींची पत्रं यायची थांबली. आत्या गावातच होत्या, सासरे लवकर गेलेले. त्यांनी भैरोबाच्या देवळात जाऊन नवस बोलला, की माझा ल्योक हातीपायी धड माघारी येऊ दे, माझ्या घराच्या उंबऱ्यापासून तुझ्या पायरीपर्यंत दंडवत घालीन. नवस फिटेपर्यंत गोड खाणार नाही, हेही त्याच बैठकीत सांगून आल्या.

दंडवत म्हणजे नुसता नमस्कार नव्हे. ओल्या लुगड्यानं जमिनीवर सरळ आडवं व्हायचं, हात पुढे लांब करायचे, बोटांच्या टोकाशी कुणीतरी काठीनं रेघ ओढायची, मग उठायचं, त्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा आडवं व्हायचं. असं करत करत देवापर्यंत. आमचं घर गावाच्या एका टोकाला आणि देऊळ दुसऱ्या. मध्ये वेस, पार, आणि देवळाआधी चांगला अंगावर येणारा चढ.

भाऊजी धड आले. नवस मात्र राहून गेला. तो चैत्रातल्या जत्रेतच फेडायचा, आणि ज्याच्यासाठी बोलला तो समोर पाहिजे. पहिल्या चैत्रात भाऊजींना रजा मिळाली नाही. पुढच्या चैत्राला बहात्तरचा दुष्काळ उशाशी येऊन बसलेला. प्यायला पाणी टँकरचं, तिथे ओल्या लुगड्याचं नाव कोण काढणार? त्यानंतरच्या साली भावकीत सुतक निघालं. दरवेळी सगळे म्हणायचे, देव कुठं पळून चाललाय, फुडल्या जत्रेला घाला. आत्याही मान डोलवायच्या आणि बिनगोडाचा चहा प्यायच्या.

त्या दुष्काळातच जनावरं छावणीला गेली आणि आम्ही आत्यांना मलकापूरला आणलं. मलकापूर म्हणजे कराडला लागूनच. मी इथल्या शाळेत शिकवते, माझे यजमान साखर कारखान्याच्या ऑफिसात. गावात असताना आत्यांचा दिवस वाकण्यात आणि उठण्यात जायचा. विहीर, शेण, चूल, भांगलण, शेळ्या. मलकापुरात ओटा होता, त्यावर रॉकेलचा स्टोव्ह. नळ दारात. काम काही नव्हतं, आणि जे होतं ते आम्ही त्यांना करू देत नव्हतो. आमच्या भागात मुलानं आईला कसं ठेवलंय हे ती किती बसून असते यावरून मोजतात. यजमानांनी त्यांच्यासाठी वेताची खुर्ची आणली आणि ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवली. येणाराजाणारा बघायचा आणि म्हणायचा, "म्हातारीनं नशीब काढलं." यजमानांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

त्या खुर्चीत आत्यांचे गुडघे कधी धरले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी त्या पाटावर बसेनाशा झाल्या, मग जेवायला टेबल मागून आणलं. न्हाणीत स्टूल गेलं. प्रत्येक वेळी आम्ही काहीतरी उंच आणून दिलं आणि सोय झाली म्हणून मोकळे झालो.

सुतकाच्याच वर्षी दिवाळी झाल्यावर भाऊजींचं कार्ड आलं, की चैत्रात महिनाभर रजा मंजूर होते आहे. यजमानांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून आत्यांनी एक दंडवत घालून पाहिला, तो मी येईपर्यंत.

यजमान संध्याकाळी आले. त्यांना सगळं सांगितलं. ते व्यवहारी माणूस आहेत.

"त्याच्यासाठी बोललाय ना नवस? मग त्यालाच घालू दे दंडवत. फौजी गडी आहे, दमायचा नाही."

"लढाईबी त्यानंच करायची, आन् दंडवतबी त्यानंच घालायचा?" आत्या म्हणाल्या. "मग म्या काय केलं?"

"अगं आई, गुरवाला विचारू. देवळाच्या दारापासून घातला तरी चालत असेल."

"म्या उंबऱ्यापासनं बोलले. गुरव काय बोलला न्हाई."

"आणि नाहीच जमलं तर?"

आत्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तर मग बोललेलं तसंच टाकून मरायचं. दुसरं काय?"

त्या रडल्या असत्या तर समजूत घालता आली असती. त्या रडल्या नाहीत. भाजी संपली आहे असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं, आणि मला ते फार लागलं. 

रविवारी मी त्यांना कराडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघे वाकवले, सरळ केले, मांडी दाबून पाहिली.

"हाड शाबूत आहे. झीज वयाची, ती असणारच. पण मांडीत काही उरलेलं नाही. आजी, दिवसभर करता काय?"

"बसते."

"का?"

"ल्योकाची अब्रू हाय." आत्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मी त्यांना नवसाचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. चष्मा काढून पुसला. "गुडघ्यांना विश्रांती पुष्कळ झाली. रोज थोडं थोडं वाकवा. दुखेल. सूज आली तर थांबवा, पण सोडून देऊ नका. दंडवताचं मी आज हो म्हणणार नाही. आधी पाटावरून उठता येऊ दे, मग भैरोबाचं बघू."

मला काम कळलं की मी यादी करते. यादीशिवाय मी मंडईतही जात नाही, घरात त्यावरून थट्टा होते. त्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी यादी केली. आतापर्यंत घरात जे जे वर चढवलं होतं ते खाली आणायचं, हे तिचं सूत्र. खुर्ची माळ्यावर. पिठाचे आणि डाळीचे डबे ओट्यावरून खाली भिंतीशी. भाकरी परसातल्या चुलीवर, बसून. परसाचं सारवण आत्यांकडे. उठायला दाराची चौकट धरायची, माणसाचा हात धरायचा नाही.

यजमानांनी यादी वाचली. "तू माझ्या आईला कामाला लावतेयस."

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"चैत्रापर्यंत म्हणू देत."

पाटावर बसणं हाच पहिला डोंगर होता. खुर्चीची उंची आणि पाटाची उंची यात फार अंतर. परसात बांधकामातून उरलेल्या विटा पडल्या होत्या, त्या आणून मी पाटाखाली रचल्या. आत्या त्या उंच पाटावर बसायच्या, चौकट धरून उठायच्या, पुन्हा बसायच्या. जमतंय असं वाटलं की एक थर काढायचा. थर काढला की आत्या पहिल्या दिवशी पाटाकडे अशा बघायच्या की जणू खाली विहीर आहे.

"ह्यो थर कुनी काढला?"

"मी."

"मला इचारलंस?"

"विचारलं असतं तर काढू दिला असता का?"

"न्हाई."

सकाळी त्या एकट्या करायच्या तर कंटाळायच्या. म्हणून मी त्यांच्यासोबत करू लागले. शाळेची तयारी उरकायच्या आधी, मधल्या खोलीत, दोघी समोरासमोर. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते आणि स्वतःला चपळ समजत होते. पहिल्याच दिवशी फरशीवर आडवी होऊन उठताना माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि हात आपोआप भिंतीकडे गेला.

आत्या बघत होत्या. "तुजं तर माझ्यापरास गंजलंय."

"मी दिवसभर उभी असते, आत्या. वर्गात."

"उभं तर झाडबी ऱ्हातंय."

मी कॅलेंडरमागच्या यादीत स्वतःलाही घातलं. 

परसाच्या सारवणाचा दिवस आला तेव्हा व्हायचं तेच झालं. आत्या कुंपणाशी बसून शेणाचा हात फिरवत होत्या, आणि शेजारच्या काकी भांडी घासायचं सोडून कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. मी आत चहा करत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"आवं आत्ती, ह्या वयात सारवताय? सून कुठं गेली?"

"आत हाय."

"तिला काय शेणाचा वास येतो व्हय? मास्तरीण हाय न्हवं."

"तिला कशाला वास ईल? शेण तिनंच आनलंय."

"म्हंजे तिनंच लावलं म्हना की कामाला."

"न्हाई गं बाई, म्याच लावलंय तिला. रोज सकाळी उठाबशा काढती माझ्यापुढं. चुकली तर परत काढायला लावते. बगायला ये उद्या."

काकी बघायला आल्या नाहीत, पण बातमी आळीत फिरली. यजमानांना ऑफिसात कुणीतरी विचारलं, आईला बरंच काम पडतं का हो घरी. ते घरी येऊन माझ्यावर चिडले. मी म्हटलं, सांगा, नवस आहे. ते म्हणाले, नवसाला शेण लागतं का? मी म्हटलं, ह्या नवसाला लागतं. त्यांना हसू आलं आणि ते कपडे बदलायला गेले.

सगळं सरळ झालं असं नाही. संक्रांतीच्या सुमाराला डावा गुडघा सुजला. डॉक्टरांचं वाक्य लक्षात होतं म्हणून सगळं थांबवलं. रुईची पानं गरम करून शेकलं. आत्या आडव्या पडून होत्या आणि तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढून पुढे जात होती. कुणी आग्रह करायचं नाही हे घरात ठरलेलं होतं, पण पाहुणे नवे असतात. "घ्या की आत्ती, गोड बोला." आत्या नुसता हात हलवायच्या. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "देवाला सांग, म्हातारीला जमंना. सोडून दे म्हनावं."

"मी नाही सांगणार. नवस तुमचा."

"तू लय कडक हायस."

"सूज उतरली की एक वीट पुन्हा लावू. पाट खाली नाही, वर न्यायचा. जरा मागं जाऊ, मग पुन्हा पुढं."

सूज उतरली तेव्हा वीट त्यांनीच लावली.

आमच्या घरामागे एका बाईंचा उसाचा मळा आहे. तेव्हा नुकती लागण होऊन कोंब वर आले होते आणि भांगलणीला बायका येत होत्या. खुरपं घेऊन दोन सऱ्यांमध्ये उकिडवं बसायचं, तण काढत पुढे सरकायचं. आत्यांचा जन्म ह्यात गेलेला. त्या परसाच्या दारात उभ्या राहून बघायच्या. एके दिवशी चालत बांधावर गेल्या आणि मळेवाल्या बाईंना म्हणाल्या, "एक खुरपं दे."

बाई गडबडल्या. "आवं, तुमी कशाला? मास्तरीणबाईंच्या घरची मानसं तुमी. लोक मला नावं ठेवतील."

"पैसं नगं मला. नुसतं सरीत बसू दे."

बाईंनी खुरपं दिलं ते माझ्या भीतीनं असावं, किंवा आत्यांच्या. मला हे त्याच संध्याकाळी आत्यांनीच सांगितलं, वर "उद्या फडकं बांधून दे डोक्याला" अशी ऑर्डरही दिली. मी नको म्हणणार होते. पण यादीत लिहिलेल्या कुठल्याच कामासाठी त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जेवायची वेळ झाली तरी आल्या नाहीत म्हणून मी बोलवायला गेले. बायका सरीच्या टोकाशी पोचल्या होत्या. आत्या बऱ्याच मागे होत्या.

"आत्ती, सरी सोडून द्या, आमी करतो," एक जण ओरडली.

"तू तुझी बग. किती तण मागं टाकलंस ते म्या मागनं येचतीया."

बायका खिदळल्या. आत्या खुरपं चालवत, थोड्या फतकल मारत, थोड्या उकिडव्या, सरीच्या टोकाला आल्या. मला पाहिलं. खुरपं बाजूला ठेवलं, एक तळवा मातीत रोवला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि उठल्या. चौकट नव्हती, भिंत नव्हती. त्यांचं लक्ष त्या बाईला काय उत्तर द्यायचं याच्यात होतं, आपण उठलो हे त्यांना कळलंही नाही.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना कळलं असतं, आणि मला भीती होती की कळलं तर पुढच्या वेळी जमणार नाही. घरी येईपर्यंत मी उसाच्या भावाबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर डॉक्टरांना गुडघे पुन्हा दाखवून मधल्या खोलीत घोंगडं अंथरून आम्ही दंडवताला सुरुवात केली. तळवा, कूस, एक गुडघा, दुसरा गुडघा, मांडीवर हात. मातीत जमलं ते फरशीवर जमायला वेळ लागला, पण जमलं. खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग ओसरीतून परसाच्या दारापर्यंत. होळीला पोळ्या केल्या तेव्हा आत्यांनी दूध-भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "आता एवढाच सण."

भाऊजी चैत्राच्या तोंडावर आले. अंगणात पेटी ठेवून आईच्या पाया पडले आणि लगेच चौकशी, "आये, आरामात बसून असतीस न्हवं?"

"बसाया येळ कुठं हाय?"

त्यांना सगळं कळल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सकाळी हजेरी लावली. कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे. "आये, सावधान. छाती फुडं."

"गप रं. तुझ्या साहेबाला सांग सावधान."

"वयनी, तुमीबी. वाकताना गुडघं मिटू नगा."

आत्या आडव्या होत असताना ते थट्टा करायचे, आणि त्या उठताना मात्र गप्प व्हायचे. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "वयनी, खरं सांगा. माझ्यापायी हिनं हे डोक्यावर घेतलंय. देवळाच्या वाटेत कुठं बसली तर काय तोंड दाखवू हिला? जमंल का?"

"पारापर्यंत जमेल," मी म्हटलं. "चढाचं मला माहीत नाही. मलकापुरात चढ नाही."

त्यांनी मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

जत्रेच्या सकाळी आम्ही गावच्या घरात होतो. त्या साली विहिरीला पाणी होतं. भावकीतल्या बायकांनी आत्यांना विहिरीवर न्हाऊ घातलं, ओल्या लुगड्यानंच दाराशी आणलं. न सांगता लोकांनी वाट झाडून ठेवली होती, दगड वेचून कडेला टाकले होते. हलगीवाला पुढे, मग काठी घेऊन भाऊजी, मग आत्या. मी शेजारी घागर घेऊन. मागे यजमान, काखेत कोरडं लुगडं आणि घोंगडी. खुर्ची आणू का असं त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं.

आत्यांनी उंबऱ्याला हात लावला, हात जोडले आणि आडव्या झाल्या. भाऊजींनी रेघ ओढली. तळवा, कूस, गुडघा. उठल्या.

वेशीपर्यंत गडबडच होती. बायका पाणी ओतत होत्या, म्हाताऱ्या माणसांपैकी कुणीतरी वाटेत त्यांच्या पाया पडत होतं, कुणी वरून सूचना देत होतं. पारापाशी पोचलो तेव्हा आत्यांचं लुगडं मातीनं भरलं होतं आणि श्वास मोठा झाला होता, पण उठण्याची लय सुटली नव्हती. मी घागर पुन्हा भरून घेतली.

चढ लागला. तिथे आडवं व्हायला सोपं, जमीन जवळ येते. उठायला मात्र अंग मागे ओढलं जातं. हे मलकापुरात माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आत्यांच्या दोन दंडवतांमधला वेळ वाढू लागला. चढाच्या मध्याशी त्या आडव्या झाल्या, भाऊजींनी रेघ ओढली, आणि त्या उठल्या नाहीत.

हलगी थोडा वेळ वाजली आणि थांबली. भाऊजी काठी टाकून खाली बसले.

"आये. उचलू का?"

"हात लावू नगंस."

"आगं पर—"

"लावू नगंस म्हनलं न्हवं? जरा पडू दे. गार लागतंय."

यजमान मागून पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मानेनंच नको म्हटलं. आत्यांची पाठ वरखाली होत होती तेवढीच दिसत होती. मग जमिनीतूनच आवाज आला, "सूनबाई."

मी घागर ठेवून वाकले. "काय, आत्या?"

"किती ऱ्हायलं?"

"पायरी दिसतेय."

"मला न्हाई दिसत."

"तुमचं तोंड मातीत आहे, आत्या."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसताच त्यांनी तळवा रोवला, कूस वळवली, एक गुडघा घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. मांडीवर हात ठेवला. उभ्या राहिल्या तेव्हा कपाळाला माती होती आणि हलगीवाल्याला म्हणाल्या, "तू का थांबलास रं? तुला कुनी सांगितलं?"

पुढचं मला नीट आठवत नाही. पायरीला त्यांचं कपाळ टेकलेलं आठवतं, आणि भाऊजी भिंतीकडे तोंड करून फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते ते. गुरवानं गुळाचा खडा आत्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळला. मी तिथेच धुळीत बसले. यजमान घाबरून विचारायला लागले, तुला काय झालं. मला काही झालं नव्हतं. इतके महिने मी आतून काहीतरी घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटलं होतं, एवढंच. यजमानांनी आत्यांसाठी आणलेली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली, तीही उलटी.

घरी आल्यावर भाऊजींनी स्वतः चहा केला. आईसाठी म्हणून मूठभर साखर टाकलेली. आत्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "लय गोड झालाय. बिनगोडाचाच बरा व्हता." तरी बशी पुसून प्यायल्या.

मलकापूरला परतल्यावर यजमानांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर माळ्यावरून खुर्ची काढली. धूळ झटकली, ओसरीवर होती तिथे ठेवली. "आई, झालं आता सगळं. आता निवांत बस."

हीच धास्ती मी आटपाडीपासून एसटीत सगळी वाट बाळगत आले होते. नवस होता म्हणून सारवण होतं, भांगलण होती, सकाळच्या उठाबशा होत्या. नवस फिटला, आता कशाच्या जोरावर मी त्यांना उठा म्हणणार? कॅलेंडरमागची यादी चैत्रात संपत होती.

आत्या खुर्चीत बसल्या. मुलाचा मान राखला. चहा झाला, येणाराजाणारा एकजण "देव पावला म्हना की" असं बोलून गेला. मग त्या उठल्या, कशालाही हात न लावता, आणि परसात गेल्या. मी मागे गेले. त्या कुंपणाशी वाकून सारवलेल्या जमिनीला पडलेल्या भेगा बघत होत्या.

"आठ दिस कुनी बगितलं न्हाई वाटतं हिकडं."

"आपण सगळे गावीच होतो, आत्या."

"उद्या शेण आन."

मी हो म्हटलं. मग विचारलं, "पायरीला डोकं टेकून एवढा वेळ काय बोलत होतात देवाशी? आणखी काही मागितलंत की काय?"

"मागायचं काय? ल्योक समोर उभा व्हता." त्यांनी एक सुटलेलं ढेकूळ उचलून कुंपणापलीकडे टाकलं. "म्हनलं, फुडल्या साली येते."

"परत दंडवत? नवस बोललात?"

"नवस न्हाई." आत्या म्हणाल्या. "सहज."